धोसाचा गोल दाणा: कच्छमधल्या एका थराचं प्रकरण

कच्छच्या ज्युरासिक टेकड्यांमध्ये धोसा ऊलाइट हा गोल दाण्यांच्या खडकाचा थर एकदा ओळखता आला, की त्याच्या खाली काय आणि वर काय हे सांगायला वेळ लागत नाही. जारा, जुमारा, कीरा, झुरा, हबो या घुमटाकार टेकड्यांपासून भूजजवळच्या लेरपर्यंत तो पुन्हा पुन्हा उघडा पडतो. उन्हापावसाने गंजून तांबूस-तपकिरी झालेला असतो, ताज्या फुटीवर हिरवट-राखी दिसतो. भिंगाखाली धरला की खसखशीएवढ्या, क्वचित राजगिऱ्याएवढ्या गोल दाण्यांनी भरलेला. वय सुमारे १६ कोटी वर्षं, म्हणजे भूशास्त्रीय कालगणनेतला ऑक्सफर्डियन काळ. समुद्री ज्युरासिक खडक महाराष्ट्रात उघडा नाही, त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना असा थर हाताळायचा तर कच्छ गाठावं लागतं. तिथे या दाण्यांशी पहिली गाठ पडते, आणि पहिली चूकही बहुधा इथेच होते.

चूक अशी. नमुना हातात येतो, दाणे गोल दिसतात, आणि वहीत ओळ उतरते: ‘ऊइडयुक्त चुनखडक, उथळ, खळबळत्या पाण्यातला वाळूचा बांध.’ गोल दाणा म्हणजे लोळलेला, लोळलेला म्हणजे लाटांतला, आणि लाटांतला म्हणजे उथळ पाण्यातला, असं हे सरळ गणित. जगातल्या पुष्कळ ऊलाइटांना ते लागू पडतं. धोसाला पडत नाही. याच थरात दाण्यांच्या मध्ये बारीक गाळ आहे, अखंड शिंपले आहेत आणि खुल्या समुद्रात राहणारे, वेटोळ्या कवचाचे, आता नामशेष झालेले अ‍ॅमोनाइट भरपूर आहेत. खळबळत्या बांधावर बारीक गाळ टिकत नाही, तो वाहून जातो. मग हे दाणे तयार कुठे झाले आणि इथे आले कसे, हा या प्रकरणातला प्रश्न आहे.

दाणा म्हणजे काय

ऊइड म्हणजे मधल्या एका कणाभोवती एकावर एक पापुद्रे चढून बनलेला, २ मिमीहून लहान दाणा. मधला कण वाळूचा असेल, शिंपल्याचा तुकडा असेल, नाहीतर जुन्या फुटक्या ऊइडचाच भाग असेल. २ मिमीहून मोठा झाला की त्याला पिसॉइड म्हणतात. अशा दाण्यांनी बनलेला खडक तो ऊलाइट. नाव ग्रीक भाषेतल्या अंड्याच्या शब्दावरून आलं आहे, कारण खडक माशाच्या अंड्यांच्या पुंजक्यासारखा दिसतो. कोकणात ज्याने बाजारातून आणलेली गाभोळी पाहिली आहे, त्याला ही तुलना लगेच पटेल.

आज चुन्याचे ऊइड बहामाच्या उथळ वाळूपट्ट्यांवर तयार होताना दिसतात. कोमट आणि कॅल्शियम कार्बोनेटने अतिसंपृक्त पाणी, काही मीटरच खोली आणि भरती-ओहोटीचा जोर, या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आहेत. दाणा हलत असताना झिजतो आणि स्थिर असताना त्यावर कॅल्शियम कार्बोनेटच्याच एका खनिजाचा, म्हणजे अ‍ॅरागोनाइटचा थर चढतो. त्याचा अंतिम आकार हा या वाढीचा आणि झिजेचा जमाखर्च असतो. म्हणून एका पट्ट्यावरचे दाणे बरेच एकसारखे निघतात.

धोसाचे दाणे मात्र लोहयुक्त आहेत. त्यांच्या पापुद्र्यांत हिरवट लोह-मृत्तिका (लोहयुक्त चिकणमातीची) खनिजं आणि गोएथाइट हे तांबूस लोहखनिज येतं. इथे बहामाचं उदाहरण तुटतं. लोहयुक्त ऊइड आजच्या काळात फार थोड्या ठिकाणी सापडले आहेत, उदाहरणार्थ आफ्रिकेतलं चाड सरोवर, आणि इंडोनेशियात माहेंगेटांग बेटाजवळचा ज्वालामुखी-तप्त समुद्रतळ. ही दोन्ही ठिकाणं एकमेकांसारखी नाहीत आणि कच्छच्या ज्युरासिक समुद्रासारखीही नाहीत. शिवाय लोह-मृत्तिकेचा दाणा बनताना मऊ असतो. गाळाचं ओझं पडलं की तो चेपतो, वाकतो, कधी शेपूट फुटल्यासारखा ओढला जातो. अमेरिकेतल्या लोहखनिजाच्या एका जुन्या प्रकाराला खाणवाले ‘जवसाचं खनिज’ म्हणत, ते अशाच चपट्या दाण्यांमुळे. मोहरीसारखे नितळ गोल दाणे शोधत बसलं, तर धोसामधले निम्मे दाणे नजरेतून सुटतील.

रानातलं काम

या थरावर काम कुणी आधी केलं नाही असं नाही. भूशास्त्रज्ञ विल्हेल्म वागेन याने १८७३ ते १८७५ या काळात कच्छच्या अ‍ॅमोनाइटांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधी भूशास्त्रज्ञ स्टोलिच्का याने कच्छच्या ज्युरासिक खडकांची पच्छम, चारी, कात्रोल आणि उमिया अशी विभागणी घातली होती. पुढे एस. के. बिस्वास यांनी खडकांच्या प्रकारावर आधारलेली नवी विभागणी दिली, तिच्यात धोसा ऊलाइट जुमारा स्तरसमूहाच्या अगदी वर येतो. जुन्या पद्धतीत तोच चारीच्या माथ्यावर येतो. लेखन वाचताना दोन्ही नावं भेटतात. थर एकच आहे, हे लक्षात न ठेवल्यास नोंदींचा गोंधळ होतो.

उघड्या भागावर गेल्यावर दोन गोष्टी फसवतात. पहिली म्हणजे रंग. बाहेरचा तपकिरी रंग हवापाण्याने आला आहे. हिरवट खनिजातलं लोह गंजून तो बनतो. त्या रंगावरून खडकाला ‘लोहखडक’ म्हणणं चूक. हातोड्याने किमान ५ ते १० सेंमी आतली ताजी फूट काढा आणि रंग तिचा लिहा. दुसरी म्हणजे शेलचे, म्हणजे घट्ट झालेल्या बारीक चिखलाच्या पापुद्री खडकाचे, पट्टे. धोसामध्ये कठीण चुनखडकाचे थर आणि मऊ शेलचे थर आळीपाळीने येतात. कठीण थर कडेला कंगोऱ्यासारखे उठून दिसतात आणि शेल गळून त्यावर दगडगोट्यांचा सडा पसरतो. नोंद करणारा कंगोरे मोजतो, मधल्या भागाला ‘झाकलेला’ म्हणून सोडतो आणि शेवटी त्याच्या आराखड्यात सगळा थर चुनखडकाचा होऊन बसतो. या प्रकरणाची किल्ली नेमकी त्या शेलमध्ये आहे, कारण तसा बारीक गाळ शांत पाण्यातच साचतो. फावड्याने २० ते ३० सेंमी रुंदीचा चर उतारावरून खाली काढला, तर एका सकाळीत पूर्ण क्रम उघडा होतो. एवढं कष्टाचं काम टाळू नये.

नमुना प्रत्येक वेगळ्या थरातून एक, आणि थर जाड असेल तर दर ५० सेंमीला एक घ्यावा. आकार मुठीएवढा. जागेवरून सुटण्याआधीच त्यावर वरची दिशा दाखवणारा बाण काढा. पुढे शिंपल्याच्या पोकळीतला गाळ कुठल्या बाजूला बसला आहे हे पाहायचं आहे, आणि बाण नसेल तर ते पाहता येत नाही. पायथ्याशी पडलेला सुटा दगड कितीही सुंदर असला तरी क्रमाच्या नोंदीत धरू नये, कारण तो कुठल्या थराचा हे सांगता येत नाही. अ‍ॅमोनाइट फोडून काढण्याची घाई करू नये. त्याचा फोटो, थरातली जागा आणि पडण्याची दिशा यांची नोंद बहुतेक वेळा पुरते.

प्रयोगशाळेतलं काम

धोसाचा पातळ छेद, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासलेला काप, करताना सर्वांत जास्त नुकसान होतं ते दाणे निखळून. कठीण कॅल्साइट (चुनखडकाचं मुख्य खनिज) आणि मऊ लोह-मृत्तिका एकाच कापात घासली जातात, मऊ भाग आधी झिजतो आणि दाण्याच्या जागी भोक उरतं. मग तेच भोक सूक्ष्मदर्शकाखाली ‘विरघळलेला ऊइड’ म्हणून नोंदवलं जातं. म्हणून कापण्याआधी नमुना निर्वात पात्रात इपॉक्सीत भिजवून घट्ट करावा. इपॉक्सीला निळा रंग दिला तर आधीपासून असलेली खरी पोकळी निळी दिसते आणि घासताना पडलेलं भोक रंगहीन राहतं. दोन्हींतला फरक लगेच कळतो.

छेद ३० मायक्रॉन जाडीचा हवा. शुद्ध चुनखडकात ही जाडी तपासायला अडचण येते, कारण कॅल्साइटचे रंग या जाडीला फारसे उपयोगी पडत नाहीत. इथे मात्र दाण्यांच्या मध्यभागी येणारा क्वार्ट्झचा कण मदतीला येतो: सूक्ष्मदर्शकाच्या दोन ध्रुवकांमध्ये (प्रकाश एकाच दिशेने कंपू देणाऱ्या गाळण्यांमध्ये) तो राखी-पांढरा दिसला की जाडी बरोबर, पिवळसर दिसला की अजून घासायला हवं. लोहाने गच्च भरलेले दाणे ३० मायक्रॉनलाही काळेच दिसतात. त्यांचे पापुद्रे पाहायचे तर छेद चकचकीत घासून परावर्तित प्रकाशात पाहावा लागतो. काच-झाकण न लावलेला एक जादा छेद यासाठी ठेवावा.

कॅल्साइट कुठला लोहयुक्त आणि कुठला साधा, हे रंगवल्याशिवाय कळत नाही. पद्धत अशी. १.५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात १०० मिली मागे ०.२ ग्रॅम अलिझारिन रेड एस घालून एक द्रावण करावं. तेवढ्याच तीव्रतेच्या आम्लात १०० मिली मागे २ ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड घालून दुसरं करावं. छेद आधी नुसत्या १.५ टक्के आम्लात १० ते १५ सेकंद बुडवावा. मग पहिल्या द्रावणाचे तीन भाग आणि दुसऱ्याचे दोन भाग यांच्या ताज्या मिश्रणात ३० ते ४५ सेकंद ठेवावा. शेवटी फक्त अलिझारिनच्या द्रावणात १० ते १५ सेकंद. साधा कॅल्साइट गुलाबी-लाल होतो, लोहयुक्त कॅल्साइट जांभळा ते निळा होतो, साधा डोलोमाइट रंगत नाही. फेरिसायनाइडचं द्रावण त्याच दिवशी करावं. शिळं झालं की निळा रंग भरवशाचा राहत नाही. ते तीव्र आम्लात घालू नये आणि तापवू नये, विषारी वायू सुटतो. रंग चढलेला छेद नळाखाली धरू नये, ओल पुसूही नये. हलक्या हाताने पाण्यात एकदा बुडवून उभा वाळवावा. छेदाचा अर्धा भाग न रंगवता ठेवला तर नंतर पस्तावावं लागत नाही.

हिरवट खनिज कोणतं, हा वेगळा वाद आहे. ग्लॉकोनाइट, बर्थिएरिन आणि चामोसाइट ही तिन्ही हिरवीच दिसतात, आणि तिघांचा अर्थ वेगवेगळा निघतो. क्ष-किरण विवर्तनात, म्हणजे स्फटिकातल्या पातळ्यांमधलं अंतर मोजण्याच्या पद्धतीत, ग्लॉकोनाइटची मुख्य रेघ १० अँगस्ट्रॉमजवळ (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), चामोसाइटची १४ जवळ आणि बर्थिएरिनची ७ जवळ येते. पण केओलिनाइटही ७ जवळच येतो, आणि चामोसाइटचीही दुसरी रेघ तिथेच पडते. त्यामुळे एकट्या ७ च्या रेघेवर ‘बर्थिएरिन’ असं लिहून मोकळं होऊ नये. १४ ची रेघ आहे का ते पाहावं. १.४९ अँगस्ट्रॉमजवळची रेघ केओलिनाइटची, १.५५ जवळची बर्थिएरिनची, हेही तपासावं.

दाणे सुटे करून पाहायचे असतील तर हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये. ते लोह-मृत्तिकाही खातं, आणि हाती राहतो तो कुरतडलेला दाणा. १० टक्के अ‍ॅसिटिक आम्ल घ्यावं. १०० ग्रॅम शुद्ध कॅल्साइट विरघळायला हिशेबाने अशा द्रावणाचे सुमारे १.२ लिटर लागतात. खडकात निम्मा कॅल्साइट असेल तर १०० ग्रॅम खड्यांना ६०० मिली. प्रत्यक्षात दुप्पट धरावं, आणि ते एकदम न ओतता रोज थोडं बदलत जावं. चार-पाच दिवसांत तळाशी दाणे आणि चिकणमाती उरते. पाण्याने चिकणमाती नितळून काढली की दाणे १, ०.५ आणि ०.२५ मिमीच्या चाळण्यांतून गाळता येतात.

मोजण्यातली चूक

सुटे दाणे मोजणं पातळ छेदात मोजण्यापेक्षा का बरं, ते नीट समजून घ्यावं, कारण इथली चूक निष्कर्षापर्यंत जाते.

छेद दाण्याला क्वचितच बरोबर मध्यातून कापतो. गोलाला कुठेही कापलं, तर मिळणाऱ्या वर्तुळांचा सरासरी व्यास खऱ्या व्यासाच्या सुमारे ०.७९ पट येतो. म्हणजे सगळे दाणे अचूक ०.६ मिमीचे असले, तरी छेदात सरासरी ०.४७ मिमी निघेल. शिवाय काही वर्तुळं अगदी लहान दिसतील. ती वेगळ्या, लहान दाण्यांची गर्दी आहे असं समजून ‘दाणे आकाराने मिश्र, निवड खराब’ असं लिहिलं जातं, आणि त्या ओळीवरून प्रवाहाविषयी तर्क रचले जातात.

गाभ्याचंही तसंच. ०.६ मिमीच्या दाण्यात मध्यभागी ०.२ मिमीचा कण असेल, तर छेद तो कण कापण्याची शक्यता दोन्हींच्या व्यासांच्या गुणोत्तराइतकी, म्हणजे एक तृतीयांश. तीनपैकी दोन दाणे गाभ्याशिवाय दिसणार. त्यांना ‘गाभाहीन’ म्हणणं चूक आहे. गाभा कशाचा आहे याची टक्केवारी काढताना फक्त ज्या दाण्यांचा गाभा दिसतो तेच धरावेत. त्यातही मोठे गाभे जास्त वेळा कापले जातात, म्हणून बारीक गाभ्यांचा आकडा कमी लागणार हे गृहीत धरावं.

बिंदूगणना, म्हणजे छेदावर ठरावीक अंतराने बिंदू घेऊन प्रत्येकाखाली काय आहे ते मोजणं, ३०० बिंदूंची केली आणि ऊइड ३० टक्के निघाले, तर ९५ टक्के खात्रीने खरा आकडा साधारण २५ ते ३५ च्या दरम्यान. शेजारच्या नमुन्यात २७ टक्के आले म्हणून ‘ऊइड कमी होत गेले’ असं म्हणता येत नाही. तो फरक खडकातला नसून मोजण्यातला असू शकतो.

दाण्यांच्या मध्ये काय आहे

आता मुख्य मुद्दा. चुनखडकाच्या नामकरणात दाण्यांइतकंच महत्त्व त्यांच्या मधल्या जागेला आहे, पण नजर दाण्यांवरच खिळते. खऱ्या खळबळत्या बांधाच्या ऊलाइटमध्ये दाणे एकमेकांना टेकलेले असतात आणि मधल्या जागेत नंतर वाढलेला पारदर्शक कॅल्साइट असतो. तो ग्रेनस्टोन. धोसामध्ये मधली जागा गाळाने भरलेली असते. काही ठिकाणी दाणे गाळावर तरंगल्यासारखे सुटे दिसतात, तिथे वॅकस्टोन म्हणायचं. काही ठिकाणी टेकलेले दिसतात पण मध्ये गाळच, तिथे पॅकस्टोन. ग्रेनस्टोन हा इथला नेहमीचा खडक नाही.

याला दोन हरकती घेतल्या जातात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली: हा गाळ नंतर वरून झिरपला असेल. तसं असतं तर तो पोकळ्यांच्या तळाशी बसलेला दिसला असता आणि वरचा भाग कॅल्साइटने भरला असता. नमुन्यावरचा बाण इथे कामाला येतो. आणि झिरपलेल्या गाळावर दाणे तरंगलेले दिसू शकत नाहीत. सुट्या दाण्यांना आधार देणारा गाळ त्यांच्यासोबतच साचलेला असणार. दुसरी हरकत: बारीक गाळाचं पुनर्स्फटिकीकरण होऊन तो पारदर्शक कॅल्साइटसारखा दिसतो, किंवा उलट. इथे रंगवलेला छेद पाहावा. पोकळीत वाढलेले स्फटिक भिंतीपासून मध्याकडे मोठे होत जातात आणि त्यांच्या कडा सरळ असतात. गाळातून बदललेले स्फटिक लहानमोठे, वेड्यावाकड्या कडांचे असतात आणि त्यांच्यात जुन्या गाळाचे ढगाळ डाग राहतात.

थरात प्रवाहाने ढकललेल्या वाळूचे तिरके स्तर दिसत नाहीत, हा पुरावा अनेकदा पहिल्या क्रमांकावर मांडला जातो. तो तितका वजनदार नाही. तळावर राहणारे जीव गाळ उकरतात, आणि पुरेसं उकरलं की तिरके स्तर असले तरी पुसले जातात. त्याहून भक्कम पुरावा शिंपल्यांचा आहे: दोन्ही झडपा जोडलेले ब्रॅकिओपॉड (शिंपल्यासारखे दोन झडपांचे समुद्री जीव), न झिजलेले अ‍ॅमोनाइट, आणि त्यांच्याच शेजारी लोळून गुळगुळीत झालेले ऊइड. एकाच पाण्यात सतत लोळणं झालं असतं तर शिंपलेही झिजले असते. दाण्यांनी एक आयुष्य काढलं आहे आणि शिंपल्यांनी दुसरं, ही गोष्ट त्या एका छेदात दिसते.

फुटलेल्या ऊइडवर पुन्हा पापुद्रे चढलेले दिसले तर त्यांची संख्या वेगळी मोजावी. फुटण्याइतका जोर आणि पुन्हा वाढण्याइतका निवांतपणा या दोन्ही गोष्टी त्या दाण्याने अनुभवल्या आहेत, आणि तो बराच काळ जागा बदलत राहिला आहे.

आणलेले की इथलेच

भूशास्त्रज्ञ फुर्सिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली धोसाचे ऊइड उथळ भागातून खोल भागात वाहून आलेले आहेत अशी मांडणी केली. समुद्रतळावरच्या उंचवट्यांवर दाणे तयार झाले आणि वादळांनी ते जिथे नेहमीच्या लाटांचा हिसका पोचत नाही अशा शांत तळावर नेऊन टाकले. दुसरा पक्ष जगभरच्या लोहयुक्त ऊलाइटांच्या अभ्यासातून येतो: लोहयुक्त ऊइडला सतत लोळण्याची गरजच नाही. गाळ फार हळू साचत असेल, तळ अधूनमधून ढवळला जात असेल, तर शांत पाण्यातही पापुद्रे चढू शकतात.

आमचं मत पहिल्या मांडणीच्या बाजूचं आहे, पण एका दुरुस्तीसह. एका वादळात दाणा फार लांब जात नाही, हे साध्या हिशेबाने दिसतं. अर्ध्या मिलिमीटरचा क्वार्ट्झ-वजनाचा दाणा पाण्यात सेकंदाला साधारण ६ ते ७ सेंमी खाली येतो. ३० मीटर खोली ओलांडायला सात-आठ मिनिटं. या वेळात पाण्याचा प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असला, तर दाणा सव्वादोनशे मीटरच पुढे सरकतो. लोहयुक्त दाणा जड असल्याने आणखी लवकर बसतो. म्हणजे दूरच्या किनाऱ्यावरून एका झेपेत आणलेले दाणे हे चित्र बरोबर नाही. जवळचे उंचवटे हवेत आणि पुन्हा पुन्हा होणारी ढकलाढकल हवी. कच्छ खोऱ्याचा तळ भ्रंशांनी वर-खाली झालेला होता, त्यामुळे असे उंचवटे मिळणं अवघड नाही. याच्यावर रानात करण्यासारखी परीक्षा एकच: एकाच पातळीचे नमुने निरनिराळ्या घुमटांवरून घ्यावेत आणि ऊइडचं प्रमाण, आकार आणि फुटलेल्या दाण्यांचा वाटा कुठल्या दिशेला वाढतो ते पाहावं. वर सांगितलेली मोजणीची चूक सुधारल्याशिवाय मात्र ही तुलना करू नये.

जागेवर वाढलेल्या दाण्यांची खूण गाभ्यात सापडते. गाभे आजूबाजूच्या गाळातल्या कणांएवढेच आणि त्याच प्रकारचे असतील, तर दुसऱ्या पक्षाचं पारडं जड होतं. गाळात क्वार्ट्झची वाळू नाही पण दाण्यांच्या पोटात आहे, तर दाणे बाहेरून आले.

माथ्यावरचा गोटेरी थर

धोसा ऊलाइटच्या अगदी माथ्यावर गोट्यांचा एक पातळ थर आहे. तो शंभराहून अधिक किलोमीटर माग काढता येतो, आणि धोसा कॉन्ग्लोमरेट बेड या नावाने ओळखला जातो. गोटे म्हटलं की नदीमुख किंवा किनारा आठवतो, आणि गोल दाण्यांची चूक इथे मोठ्या मापात पुन्हा घडते. हे गोटे बरेचसे खालच्याच थरातले आहेत: घट्ट झालेल्या गाळाचे तुकडे आणि उकरून निघालेल्या गाठी. त्यांच्यावर दगड पोखरणाऱ्या जीवांची भोकं आहेत. गोटा पोखरला गेला याचा अर्थ तो कठीण झाला होता आणि गाळाने न झाकता तळावर बराच काळ उघडा पडला होता. मॅथियास अल्बर्टी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली या थराचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गाळाचा पुरवठा जवळजवळ थांबलेला, संघनित क्रम म्हणून त्याचं वाचन आहे. त्याच्या वर येणारे कात्रोलचे खडक ऑक्सफर्डियननंतरच्या किमरिजियन काळाचे आहेत. मधला बराच काळ एवढ्याशा जाडीत दबलेला आहे.

जीवाश्म गोळा करणाऱ्यासाठी याचा परिणाम थेट आहे. वेगवेगळ्या काळातले अ‍ॅमोनाइट इथे एकाच हातभर थरात शेजारी शेजारी मिळतात. त्यांच्या यादीवरून थराचं एकच वय काढायला गेलं की हिशेब जुळत नाही. प्रत्येक अ‍ॅमोनाइटच्या पोटातला गाळ आणि बाहेरचा गाळ यांची तुलना करावी. पोटात ऊइड आणि बाहेर नाहीत, किंवा पोटातला गाळ हिरवट आणि बाहेरचा तांबूस, तर तो अ‍ॅमोनाइट जुन्या थरातून उकरून निघालेला आहे. त्याचं वय थराचं वय म्हणून वापरू नये.

मुंबईसमोरचं उलटं उदाहरण

दाणा सापडतो त्या जागेवरून त्याच्या जन्मस्थानाचा अंदाज बांधण्याची दुसरी चूक आपल्या दारातच आहे. मुंबई आणि सौराष्ट्रासमोर, भूखंडमंचाच्या बाहेरच्या बाजूला, फिफ्टी फॅदम फ्लॅट नावाचा सपाट भाग आहे. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्या खोलीच्या आसपासच्या वाळूत चुन्याचे ऊइड मिळतात. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यासमोरच्या या अवशिष्ट, म्हणजे जुन्या काळातून मागे उरलेल्या, वाळूवर पुष्कळ काम केलं आहे. एवढ्या खोलीवर आज ऊइड वाढत नाहीत. हिमयुग ओसरताना समुद्राची पातळी बरीच खाली होती, तेव्हा तिथे उथळ पाणी होतं. नंतर पाणी वर चढलं आणि दाणे जागीच राहिले. धोसामध्ये दाणा हलला, इथे समुद्र हलला.

या दाण्यांचं कार्बन-१४ वय काढताना एक सावधगिरी लागते. एका दाण्यात गाभा आणि पापुद्रे वेगवेगळ्या वयाचे असतात. मूठभर दाणे एकत्र विरघळवून काढलेलं वय हे सगळ्यांची सरासरी असतं. पाणी नेमकं कधी चढलं हे हवं असेल तर बाहेरचे पापुद्रेच मोजायला हवेत. दाणे सौम्य आम्लात थोडा थोडा वेळ ठेवून बाहेरून आत टप्प्याटप्प्याने विरघळवावेत आणि प्रत्येक टप्प्याचं वय वेगळं काढावं.

नमुन्याची सुधारलेली नोंद

सुरुवातीची ओळ खोडून धोसाच्या त्या नमुन्यासाठी आता अशी नोंद होईल: ‘लोहयुक्त ऊइड असलेला वॅकस्टोन ते पॅकस्टोन, ताज्या फुटीवर हिरवट-राखी. ऊइड चपटे ते गोल, काही फुटून पुन्हा वाढलेले. मधली जागा बारीक चुनखडी गाळाची, दाण्यांसोबतच साचलेली. ब्रॅकिओपॉड दोन्ही झडपांसह. खोलवर उकरलेला. साचण्याची जागा नेहमीच्या लाटांच्या पोचेखाली. ऊइड जवळच्या उंचवट्यांवरून वारंवार ढकलले गेलेले असावेत. गाभ्यांची आणि गाळातल्या वाळूची तुलना बाकी.’ खाली नमुन्याचा क्रमांक, थरातली उंची सेंटिमीटरमध्ये आणि बाणाची दिशा.